'१०० वॉट' हे वाक्य अपूर्ण आहे

मागच्या काही पोस्ट वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "शोधनिबंध चिकित्सकपणे वाचायचा म्हणजे नक्की करायचं काय?" गाइड सांगतात 'क्रिटिकली वाचा', आपण मान डोलावतो, आणि पेन्सिलीनं ओळी अधोरेखित करून उठतो. मीही पीएचडीचं पहिलं वर्ष असंच काढलं.

म्हणून आज शोधनिबंध बाजूला ठेवू. आज एका स्वस्त एव्ही रिसीव्हरचा माहितीतक्ता आणि त्यावर लिहिली जाणारी परीक्षणं वाचू. हसू नका. दावा, पुरावा, मोजमापाच्या अटी, पूर्वग्रह, कॅलिब्रेशन असं सगळं त्यात आहे, आणि वर खिशातले खरे पैसे जातात, त्यामुळे डोकं आपोआप जागं राहतं.

माझ्या बाबतीत हे असं झालं. थकलेली फेलोशिप एकदम जमा झाली आणि दिवाळीत मी परभणीला घरी गेले. घरात टीव्हीवरून रोजचं भांडण चालू होतं. आई सारखी विचारायची, "अगं, तो काय म्हणाला?" बाबा आवाज वाढवायचे, तेवढ्यात जाहिरात किंचाळायची, मग बाबा आवाज कमी करायचे. हळूहळू आई सिनेमा लागला की उठून आत जायला लागली होती. धाकट्या भावाचा उपाय तयार होता: "ताई, होम थिएटर घेऊ. मोठ्या वॉटचं."

इथे एक खुलासा. दुकानात 'होम थिएटर' म्हणून जो स्पीकरसकटचा एकच खोका मिळतो, तो वेगळा. एव्ही रिसीव्हर म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स वगैरेंचा आवाज एका जागी घेऊन, तो पाच-सात वाटांत विभागून, प्रत्येक वाटेला ताकद देऊन आपण निवडलेल्या स्पीकरांकडे पाठवणारं यंत्र. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर. आमच्या दृष्टीनं यातला महत्त्वाचा भाग मधला, म्हणजे सेंटर स्पीकर. सिनेमातले संवाद बहुतेक करून तिथूनच येतात.

एकाच यंत्राचे तीन आकडे

उदाहरणासाठी यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ घेऊ. २०१८ साली आलेला हा साधा ५.१ रिसीव्हर. मी घेतला तो हा नाही, पण याचा तक्ता शिकवायला फार सोयीचा आहे. कंपनीनं स्वतःच छापलेले तीन आकडे बघा: ७० वॉट, १०० वॉट, १३५ वॉट. यंत्र एकच, मग यातला खरा कुठला?

तिन्ही खरे आहेत. प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात अटी आहेत, त्या वाचा. ७० वॉट म्हणजे दोन वाहिन्या चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ही पूर्ण श्राव्य पट्टी, ६ ओहमचा स्पीकर आणि डिस्टॉर्शन ०.०९ टक्के. १०० वॉटला वाहिन्या दोनच, पण स्वर एकच, १ किलोहर्ट्झचा, आणि डिस्टॉर्शन ०.९ टक्के, म्हणजे दहापट. १३५ वॉटला एकच वाहिनी चालू, स्वर पुन्हा एकच आणि डिस्टॉर्शन १० टक्के. दहा टक्क्यांना आवाज फाटलेला असतो, तो कोणी आवडीनं ऐकत नाही.

कंपनीनं इथे काही लपवलेलं नाही. अटींसकट तिन्ही आकडे छापलेत, आणि हे चांगल्या तक्त्याचं लक्षण आहे. गडबड पुढे होते. विक्रेता तिसरा आकडा उचलतो, अटी गाळतो, पाचानं गुणतो आणि '६७५ वॉट' म्हणून सांगतो. पाचही वाहिन्या एकदम चालल्या तर काय होईल, हे या तिन्ही मोजमापांपैकी एकातही नाही. सगळ्या वाहिन्यांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो. त्यामुळे सगळ्यांनी एकदम हात पसरले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं.

आपल्याकडे याचा कळस म्हणजे पीएमपीओ. टू-इन-वन आणि कॉम्प्युटर स्पीकरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' लिहून हजारांत छापलेले आकडे ज्यांना आठवतात, त्यांनी ते खोकं छोट्याशा अ‍ॅडाप्टरवर चालताना पाहिलेलं असेल. पीएमपीओ कसं मोजायचं याची सर्वमान्य व्याख्याच नाही, त्यामुळे तो आकडा चुकीचा ठरवताही येत नाही. अमेरिकेत असाच गोंधळ माजला तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ मध्ये नियम केला: घरगुती अँप्लिफायरचे वॉट सांगायचे असतील तर किती ओहमवर, कुठल्या स्वरपट्टीत आणि किती डिस्टॉर्शनला, हेही सांगा. २०२४ मध्ये त्यांनी तो नियम पुन्हा सुधारला.

आता तुमच्या विषयाकडे वळा. 'आमच्या मॉडेलची अचूकता ९४ टक्के' हे वाक्यसुद्धा '१०० वॉट'सारखंच अपूर्ण आहे. कुठल्या नमुन्यावर? शिकवायला वापरलेल्याच की नव्या? त्या नमुन्यात ९० टक्के लोक एकाच गटातले असतील, तर सगळ्यांना त्याच गटात ढकलूनही ९० टक्के मिळतातच. आकडा वाचायच्या आधी अटी वाचायची सवय लावा. निबंधात त्या सहसा 'पद्धती' विभागात असतात, आणि आपण नेमका तोच भाग चाळतो.

फरक आहे, पण तो किती पडतो?

समजा ७० आणि १०० हे आकडे एकाच अटीत मोजलेले आहेत. मग १०० वॉटवाला दीडपट मोठा ऐकू येईल का? नाही. आपला कान गुणोत्तरानं ऐकतो, म्हणून डेसिबल वापरतात. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट मोठा 'वाटायला' साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. ७० ते १०० हा फरक जेमतेम दीड डेसिबलचा. ७० ते १३५ म्हणाल तर तीनाच्या आत.

आमच्या बैठकीच्या खोलीचा हिशोब करून दाखवते. खोली १० बाय १२ फूट, सोफा स्पीकरपासून अडीच मीटरवर. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर ८६. अंतरामुळे अडीच मीटरवर सुमारे ८ कमी होतात, उरले ७८. म्हणजे ७५ डेसिबलनं, बऱ्यापैकी मोठ्यानं, सिनेमा बघायला अर्धा वॉट पुरतो. अर्धा! मधेच स्फोट झाला, २० डेसिबलची उसळी आली, म्हणजे ९५ डेसिबल, तर त्या क्षणाला ५० वॉट लागतील. हा हिशोब मोकळ्या मैदानाचा आहे. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे प्रत्यक्षात लागतात त्याहूनही कमी.

भावाला हा कागद दाखवला. तो म्हणाला, "ताई, तू सगळ्याची मजाच घालवतेस." पण मोठ्या वॉटचा हट्ट सुटला, आणि वाचलेले पैसे सेंटर स्पीकरकडे वळले. ८६ ऐवजी ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला की अँप्लिफायर दुप्पट केल्याचा परिणाम मिळतो.

संख्याशास्त्र शिकलेल्यांना इथली ओळखीची गोष्ट दिसेल. फरक खरा असणं आणि फरक मोठा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नमुना पुरेसा मोठा घेतला की कुठलाही चिमुकला फरक 'सिग्निफिकंट' निघतो. विचारायचं ते हे: माझ्या खोलीत त्यानं काही बदलतं का?

परीक्षणं कशी वाचायची

आता समीक्षकांकडे येऊ. रिसीव्हरच्या परीक्षणांची भाषा तुम्ही वाचली असेल. 'ऊबदार आवाज', 'रुंद साऊंडस्टेज', 'आधीच्या मॉडेलपेक्षा पडदा बाजूला झाल्यासारखं'. ही माणसं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांना तसं ऐकू येत असेल. माझी हरकत पद्धतीवर आहे. आधीचं मॉडेल कधी ऐकलं होतं? सहा महिन्यांपूर्वी, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या स्पीकरवर? दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर होता का? एक डेसिबलनं मोठा आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. आणि समोर यंत्र, त्याचं नाव, त्याची किंमत दिसत असेल तर आपण काय ऐकतोय आणि काय बघतोय हे आपलं आपल्यालाच सांगता येत नाही.

हे मोजलं गेलंय. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रयोगात त्याच लोकांनी तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा बघून ऐकले. बघून दिलेले गुण वेगळे निघाले. त्याहून मजेशीर म्हणजे, स्पीकरची जागा बदलल्यानं आवाजात पडणारा खरा फरक बघणाऱ्यांना कमी जाणवला. डोळ्यांनी नसलेला फरक दाखवलाच, शिवाय असलेला झाकला.

अँप्लिफायरपुरता जुना आणि गाजलेला प्रयोग 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाचा, जानेवारी १९८७ चा. सव्वादोनशे डॉलरच्या आतल्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरपर्यंत यंत्रं घेतली, आवाजाची पातळी जुळवली, कुठलं चालू आहे ते लपवलं, आणि ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. एकूण निकाल नाणेफेकीसारखा आला.

हे वाचून स्वस्त रिसीव्हर घेणाऱ्याला बरं वाटतं. मलाही वाटलं. आणि नेमकं तिथेच थांबायला हवं. आपल्या सोयीचा निबंध सापडला की आपण त्याचं परीक्षण करायचं विसरतो. या प्रयोगातून काय सिद्ध होतं? तर त्या अटींमध्ये, त्या लोकांना, त्या यंत्रांतला फरक ओळखता आला नाही, इतकंच. 'फरक सापडला नाही' म्हणजे 'फरक नाहीच' असं होत नाही. शिवाय निष्कर्षाला एक हद्द आहे: अँप्लिफायर त्याच्या कुवतीत चालत असतानाच तो लागू. मोठा हॉल, ४ ओहमचे अवघड स्पीकर आणि आवाज टिपेला असेल, तर छोटा रिसीव्हर गुदमरेल आणि ते आंधळ्या चाचणीतही कळेल. तरीसुद्धा मी या प्रयोगाला शंभर 'ऊबदार' परीक्षणांपेक्षा वर ठेवते, कारण तो कुठे चुकू शकतो हे मला दाखवता येतं. विशेषणांच्या बाबतीत तीही सोय नाही.

मांडणी: यंत्राचं गृहीतक आणि आपली खोली

रिसीव्हर जोडणं अवघड नाही. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय, तीच वापरायची. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज बाहेर पाठवायला सांगायचं. स्पीकरच्या तारेची लाल-काळी टोकं दोन्हीकडे सारखी ठेवायची. एखाद्याची उलट झाली तर आवाज येतो, पण खालचे स्वर पोकळ होतात. यात अर्धा दिवस गेला. खरं शिकायला मिळालं ते पुढे, आपोआप कॅलिब्रेशनमध्ये.

सोबत एक छोटा माइक येतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीवर ठेवायचा, स्पीकरमधून शिट्ट्या-खरखर ऐकू येते, आणि यंत्र प्रत्येक स्पीकरचं अंतर, पातळी आणि आकार ठरवतं. आमच्या यंत्रानं सांगितलं: सबवूफर ११ फुटांवर. मी टेपनं मोजलं तर ६ फूट. भाऊ म्हणाला, "बिघडलंय." मीही आकडा 'सुधारून' ६ केला, आणि ढोलाचे ठोके उलट ढिले पडले.

गंमत अशी की यंत्र अंतर मोजतच नाही. ते वेळ मोजतं आणि ध्वनीच्या वेगानं, सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, गुणून अंतर छापतं. सबवूफरच्या आतल्या फिल्टरमुळे आवाज काही मिलिसेकंद उशिरा निघतो, तो उशीर पाच फूट बनून दिसला. आकडा बरोबर होता, त्याला दिलेलं नाव दिशाभूल करणारं होतं. विदागारात न पटणारी नोंद दिसली की ती पुसायच्या आधी ती नक्की कशाची नोंद आहे ते विचारा.

तसंच 'लार्ज' आणि 'स्मॉल'चं. आमचे पुढचे स्पीकर यंत्रानं 'लार्ज' ठरवले, बाबा खूश. पण इथे 'लार्ज'चा अर्थ आकार नाही. खालचे स्वरही त्याच स्पीकरकडे पाठवायचे, असा आहे. सबवूफर असेल तर बहुतेक वेळा सगळे 'स्मॉल' करून ८० हर्ट्झखालचं सबवूफरकडे सोपवणं शहाणपणाचं. स्पीकरवरचं ओझं उतरतं, अँप्लिफायरवरचंही.

आणि खोली. समांतर भिंतींमध्ये काही स्वर अडकून फुगतात. आमच्या १० फुटांच्या बाजूला तो स्वर साधारण ५६ हर्ट्झ, १२ फुटांच्या बाजूला ४७. जिथे स्वर फुगतो तिथे यंत्र तो कापू शकतं. जिथे तो मरतो तिथे यंत्रानं कितीही ताकद ओतली तरी भरत नाही. तिथे सबवूफर उचलून दुसरीकडे ठेवणं, हाच उपाय. एक जुनी युक्ती आहे: सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथे खालचे स्वर सपाट आणि स्वच्छ वाटतील तिथे सबवूफर ठेवायचा. शेजारच्या काकू नेमक्या तेव्हाच फराळाचं ताट घेऊन आल्या. संशोधकाला लाज बाळगून चालत नाही.

माझं स्वतःचं काम मातीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर आहे. सेन्सरसोबत कारखान्यातून एक समीकरण येतं, आणि आपल्या काळ्या मातीत ते फसतं. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, सेन्सरभोवती हवा शिरते. मग आपल्या मातीचे नमुने घेऊन समीकरण नव्यानं बसवावं लागतं. दिवाळीत सोफ्यावर माइक धरून बसले होते तेव्हा लक्षात आलं, सुट्टीतही मी तेच करतेय.

आणि आई?

पहिल्या संध्याकाळी आई म्हणाली, "छान ऐकू येतंय गं." सगळे खूश. मी पण, रात्रीपुरती. मग मनात आलं, लेकीनं फेलोशिपचे पैसे घातलेत हे आईला ठाऊक आहे. ती दुसरं काय म्हणणार? शिवाय आवाजही आधीपेक्षा मोठा होता. म्हणजे विशेषणवाल्या परीक्षणाच्या दोन्ही चुका माझ्याच घरात.

मग दुसऱ्या दिवशी बातम्यांचे तुकडे घेतले. फोनवरच्या अ‍ॅपनं टीव्हीचा आणि सेंटर स्पीकरचा आवाज सारखा केला. अशी अ‍ॅप खरी पातळी नीट सांगत नाहीत, पण तुलनेपुरती चालतात. भावानं नाणं उडवून कुठला लावायचा ते ठरवलं. आईनं डोळे मिटून ऐकायचं आणि वाक्य परत म्हणायचं. तिला हा खेळ वाटला, तिनं मन लावून खेळला.

सेंटर स्पीकरवर तिची वाक्यं जास्त बरोबर आली. सेंटर फडताळाच्या आतून काढून कडेला, कानाकडे थोडा तिरका ठेवला आणि त्याची पातळी ३ डेसिबल वाढवली, तेव्हा आणखी सुधारली. पण मी तिच्या चुकाही लिहून ठेवत होते, आणि कागदावर काहीतरी सारखं सारखं येत होतं. 'साठ जण' तिनं 'आठ जण' म्हटलं. 'सात' चं 'हात' झालं. स आणि श गळत होते, दोन्ही यंत्रांवर. हे वरच्या स्वरांतले आवाज. वय वाढतं तशी ऐकण्याची क्षमता सहसा तिथूनच कमी व्हायला लागते.

दोन महिने मी विचारत होते, 'कुठला रिसीव्हर?' प्रश्न टीव्हीच्या आवाजाचा आहे हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आईला श्रवणतज्ज्ञांकडे नेलं, ऑडिओग्राम काढला, आणि आलेख उजवीकडे उतरत गेलेला दिसला. आई गाडीत म्हणाली, "मला वाटायचं, हल्ली सगळे पुटपुटतात."

म्हणून रिसीव्हर वाया गेला का? नाही. माझा निकाल असा: छोट्या खोलीला साधा ५.१ पुरतो. वॉटवर पैसे घालू नका, सेंटर स्पीकरवर घाला. एकेका स्पीकरची पातळी हातानं बदलता येते का, आणि मोठा-लहान आवाज जवळ आणणारी रात्रीची सोय आहे का, हे घ्यायच्या आधी तपासा. कॅलिब्रेशन चालवा, मग त्यावर शंका घ्या. आमच्याकडे जाहिरातीचं किंचाळणं त्या रात्रीच्या सोयीनंच थांबलं.

आता तुमचा गृहपाठ. तुमच्या विषयातला सगळ्यात आवडता निबंध काढा, नावडता नको. त्यातला मुख्य आकडा एका कागदावर लिहा आणि त्याखाली त्याच्या सगळ्या अटी. मग निबंधानं जे 'चुकलेले' म्हणून बाजूला काढलंय, ते शोधून त्यात काही सारखं सारखं येतंय का ते बघा. माझ्या वहीत अजून ते पान आहे. वर रिसीव्हरची किंमत लिहिलीय, आणि खाली एकाखाली एक: साठ, आठ, सात, हात.